घरातल्या माणसांची यमकवाली चित्रपुस्तकं लहान पोरांना कशी वाचून दाखवायची: नवख्या आईबापांसाठी सगळं एका ठिकाणी

आई, पप्पा, आज्जी, मामा, आत्या अशा घरातल्या माणसांवरची चित्रांची पुस्तकं असतात बघा, पानावर एक मोठं चित्र आणि खाली यमक जुळवलेल्या दोन ओळी. दिसायला एकदम सोपी. म्हणून आपण कौतुकानं आणतो, दोन मिनिटात वाचून संपवतो, पोरगं तेवढ्यात पुस्तकाचा कोपरा चघळून मोकळं होतं आणि मग आपण सगळ्यांना सांगत सुटतो की आमच्याला पुस्तकाची आवडच नाही, मोबाईल द्या गप बसतंय. आवड असते हो. फक्त ही पुस्तकं ठेक्यात म्हणायची असतात आणि ओळीतला शेवटचा शब्द पोरासाठी राखून ठेवायचा असतो. खाली जे सगळं लिहिलंय ते या एवढ्याच गोष्टीभोवती फिरतं. आमच्या घरी हे रोज चालतं, आता कॉलनीतली पोरं पण येऊन बसतात, आणि नवीन आया तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच बैजवार लिहून टाकते.

काय काय लागतं

- दोन-तीन पुस्तकं पुरे, त्यातलं एक तरी जाड पुठ्ठ्याच्या पानांचं
- बसायला सतरंजी, आणि उजेड पाठीमागनं येईल अशी जागा
- वाचनालयाची मेंबरशिप घ्यायची असेल तर साधारण सगळीकडे हेच मागतात: आधार कार्डाची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट साइज फोटो, डिपॉझिट आणि वर्गणी
- घरचं पुस्तक बनवणार असाल तर कार्डशीट, फोटोंच्या प्रिंट, फेविकॉल, कात्री, काळा मार्कर
- घसा. हे चेष्टेनं म्हणत नाही, "परत" हा शब्द तुम्ही इतक्या वेळा ऐकणार आहात की शेजारी पाण्याचा तांब्या घेऊनच बसा

१. आधी पोराचं वय बघा, मग पुस्तक

सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला एका पानावर एकच चेहरा असलेलं पुस्तक बास होतं. बाळं चेहऱ्याकडं टक लावून बघतात, त्यामुळं मोठ्ठा आईचा चेहरा, मोठ्ठा आज्जीचा चेहरा, खाली चार शब्द. ते पुस्तक तोंडात जाणारच. त्या वयात सगळं तोंडात घालूनच बघतात, त्याला ओरडू नका, फक्त पुठ्ठ्याचं द्या आणि वाचनालयाचं देऊ नका, कारण चघळलेलं पुस्तक परत घेत नाहीत, भरून मागतात.

एक ते दोन वर्षांची पोरं बोट दाखवतात आणि पान उलटतात, एकदम तीन पानं उलटतात ते सोडा. दोन वर्षांच्या आसपास यमकाची खरी मजा सुरू होते, ओळीचा शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातून आपोआप पडायला लागतो. तीनच्या पुढं स्वतःच काहीतरी जुळवायला लागतात, आज्जी-भज्जी-मज्जी, त्यातला मज्जी म्हणजे काय असं अजिबात विचारू नका, हसा आणि पुढचा शब्द त्यांनाच जुळवू द्या. कानाला आवाजातलं सारखेपण कळायला लागलंय याचीच ती खूण आहे आणि पुढं अक्षरं शिकताना हाच कान कामाला येतो.

इथं एक खड्डा आहे. "पुढं उपयोगी पडेल" म्हणून आपण दीड वर्षाच्या पोराला पाच वर्षांचं पुस्तक आणतो, पानभर मजकूर असलेलं. पुढं येईपर्यंत त्याची पानं राहत नाहीत. कपडे एक साइज मोठे घ्या, पुस्तक नको.

२. दुकानातच मोठ्यानं म्हणून बघा

लाजायचं नाही. दुकानात उभं राहून दोन पानं आवाज काढून म्हणायची, हाताच्या बोटानं मांडीवर ठेका धरून. दोन्ही ओळींना सारखेच ठोके पडले तर पुस्तक चांगलं. एका ओळीला चार आणि दुसरीला सात, मध्येच दम लागतोय, शब्द कोंबावे लागतायत, तर चित्रं कितीही गोड असू देत, ठेवून द्या, कारण रोज तुम्हालाच म्हणायचंय.

दुसरी गोष्ट म्हणजे यमक कशाचं आहे ते बघा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं आली-झाली, बसला-हसला असं यमक कुणालाही झोपेत जुळवता येतं. "आई आली, ताई आली, सगळ्यांना मज्जा झाली." ऐकायला ठीक आहे, पण पोरानं शेवटचा शब्द म्हणायचा म्हटलं तर "झाली" हे चित्रात कुठं दाखवणार? त्यापेक्षा हे बघा:

मामाच्या शेतात उभा ऊस,
मामीच्या उशीत मऊ कापूस.

ऊस पण दिसतो, कापूस पण दिसतो, दोन्हीवर बोट ठेवता येतं. लहान पोरांसाठी असं वस्तूंचं यमक असलेली पानं जितकी जास्त तितकं चांगलं. क्रियापदाचं यमक अगदीच नको असं नाही, पण पुस्तकभर तेच असेल तर लेखकानं कंटाळा केलाय म्हणून समजा.

अनुवाद असलेली पुस्तकं बघून घ्या. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात अनुवाद कुणाचा ते लिहिलेलं असतं. मूळ दुसऱ्या भाषेत छान जुळलेलं असतं, मराठीत आणताना अर्थ येतो आणि ठेका वाटेत कुठंतरी उतरतो. काही अनुवादक यमक नव्यानं बांधतात, ती पुस्तकं झकास असतात, म्हणून तर म्हणून बघायचं.

आणि चित्रं बघताना एक नजर यावर टाका की पुस्तकभर आई नुसती गॅसपुढं आणि बाबा नुसते पेपरपुढं आहेत का. असतील तर मी तरी असं पुस्तक घेत नाही, बाजारात आता यापेक्षा बरी चित्रं मिळतात.

३. पुस्तकं कुठनं आणायची

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडला आणि राजारामपुरीत पुस्तकांची दुकानं आहेत, तिथं नुसतं "लहान मुलांचं पुस्तक द्या" म्हटलं की अंकलिपी आणि चकचकीत रंगवायची पुस्तकं पुढं येतात. "चित्रपुस्तकं दाखवा, बडबडगीतांसारखी, नात्यांवरची" असं स्पष्ट सांगा. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, तुलिका ही नावं घेऊन विचारलं की दुकानदाराला पण कळतं तुम्हाला काय पाहिजे. प्रथम आणि नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं खिशाला परवडणारी असतात, पानं पातळ असतात एवढंच, त्यामुळं दोन वर्षांच्या आतल्यांच्या हातात एकट्याला देऊ नका.

फुकट पाहिजे असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट आहे, २०१५ मध्ये सुरू झालेली. तिथं भाषा मराठी निवडायची, लेव्हल एक निवडायची (चार लेव्हल आहेत, पहिलीत सगळ्यात कमी शब्द), पुस्तक डाउनलोड करायचं आणि झेरॉक्सच्या दुकानात कलर प्रिंट काढायची. तिथली पुस्तकं खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे प्रिंट काढा, वाटा, घरच्यासाठी शब्द बदला, सगळं चालतं, लेखक आणि चित्रकाराच्या नावाचं पान तेवढं काढून टाकायचं नाही. बाकीच्या प्रकाशकांच्या पुस्तकांचे मात्र पानापानाचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर फिरणाऱ्या अशा पीडीएफ पण पुढं ढकलू नका, ते फुकट नसतं, चोरीचं असतं.

वाचनालय हा सगळ्यात दुर्लक्षित मार्ग. आपल्याकडं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, आणि कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला होता, देशातला तसला पहिला, महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर १९६७ ला आला. एवढा वारसा असलेल्या गावात आपण पोराला पुस्तक मिळत नाही म्हणायचं म्हणजे काय. पेठेतलं, गावातलं जे वाचनालय जवळ असेल तिथं जा आणि बालविभाग आहे का, एका वेळी किती पुस्तकं देतात, किती दिवस ठेवता येतात, फाटलं तर काय, हे चार प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारा. पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात कधी कधी, ग्रंथपालांना नम्रपणे उघडायला सांगायचं, त्यांना पण कुणी लहान पोरांसाठी विचारलं की बरं वाटतं.

४. घरी एकट्यानं तालीम

पोरापुढं पहिल्यांदा उघडायच्या आधी एकदा स्वयंपाक करता करता पुस्तक म्हणून घ्या. कुठं थांबायचं, कुठं आवाज बारीक करायचा, कुठला शब्द जिभेवर अडकतो हे कळतं. दहा-बारा ओळी असतात, दोन दिवसात पाठ होतात, आणि पाठ झालं की तुमची नजर पुस्तकातून सुटून पोराच्या तोंडाकडं जाते. शिवाय पाठ असलेलं पुस्तक रंकाळ्यावर फिरताना, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, एसटीत, कुठंही पुस्तकाशिवाय चालतं.

५. आपल्या घरातली नावं घाला, पण ठेका सांभाळून

पुस्तकात आजोबा असतात, आपल्या घरात आबा असतात. किंवा तात्या, आण्णा, बापू. पुस्तकात बाबा, घरात पप्पा. पोराला पुस्तकातलं माणूस आपल्या माणसाशी जोडायला नाव बदललेलं बरं पडतं. बदला की. फक्त दोन नियम.

शब्द ओळीच्या मध्ये किंवा सुरुवातीला असेल तर बिनधास्त बदला, लांबी कमी पडली तर एखादा भरीचा शब्द टाका. समजा ओळ अशी आहे, "आजोबा गेले बाजारात, भोपळा घेतला हातात." नुसतं "आबा गेले बाजारात" म्हटलं की ओळ लंगडी होते. "आबा बघा गेले बाजारात" म्हणा, ठेका परत जागेवर.

शब्द ओळीच्या शेवटी असेल तर हात लावायच्या आधी विचार करा, कारण यमक तिथंच आहे. ओळीच्या शेवटी "बाबा" असेल आणि तुम्ही तिथं "पप्पा" घातलं तर खालची ओळ उघडी पडते. मग दोन्ही ओळी बदला:

संध्याकाळी घरी येतात पप्पा,
कट्ट्यावर बसून मारतात गप्पा.

आणि हो, आपली बोली येऊ द्या. पुस्तकात "आहे" लिहिलंय आणि आज्जी "हाय" म्हणत्या तर म्हणू देत. पोराला दोन्ही कळतं. शुद्ध बोलायच्या नादात आज्जी गप्प बसल्या तर जास्त नुकसान.

६. शेवटचा शब्द सोडा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर.

पहिले काही दिवस पुस्तक पूर्ण म्हणायचं, काही विचारायचं नाही, काही सोडायचं नाही. मांडीवर पाठ टेकवून बसवायचं, पुस्तक दोघांच्या पुढं, म्हणजे तुमचा ठेका त्याच्या पाठीला पण लागतो. एका लयीत, घाई न करता, यमकाच्या शब्दावर थोडा जोर. चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्यानं, पुस्तक ओळखीचं झालं की दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबायचं.

"मामाच्या शेतात उभा ऊस, मामीच्या उशीत मऊ..."

आणि गप्प. भुवया वर, तोंड अर्धं उघडं, नजर पोराकडं. मनात तीन अंक मोजा. हे तीन अंक फार मोठे वाटतात, आपल्याला सवयच नसते गप्प बसायची, आणि घरात दुसरं कुणी असेल तर ते हमखास मध्येच "कापूस!" म्हणून टाकतं. त्यांना आधीच बजावून ठेवा. पोराच्या ओठांकडं बघा, आधी ओठ हलतात, मग नुसता "ऊ" येतो, मग "पूस". "पूस" आलं की ते पूर्ण उत्तर धरायचं. "हां, मऊ कापूस!" म्हणून पान उलटायला त्याच्याच हातात द्यायचं. तीन अंक झाले आणि काहीच आलं नाही तर आपणच हसत म्हणून पुढं जायचं, उद्या परत.

कधी भलताच शब्द येतो. "मामीच्या उशीत मऊ... माऊ!" चित्रात मांजर असेलच एखादं. "माऊ पण बसलीया काय, आणि उशीत मऊ कापूस." चूक म्हणायचं नाही, कारण चूक नाहीच, आवाज तर बरोबर पकडलाय.

काही जण इथंच परीक्षा सुरू करतात. "हे कोण हाय? हा कुठला रंग? सांग की, परवा तर सांगितलंस, आत्याला दाखव." पाहुण्यांसमोर तर हटकून. पोरगं तिथंच पुस्तक मिटतं. प्रश्न विचारायचाच असेल तर सगळं म्हणून झाल्यावर, एखादाच, आणि ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही असा. "मामा कुठं निघालाय रे एवढ्या घाईनं?"

तेच पुस्तक रोज मागितलं तर रोज द्या. आमच्याकडं असं चालतं:

"परत!"

"अगं आत्ताच झालं की."

"परत मामा!"

"आज्जीचं म्हणूया का?"

"मामा!"

की परत मामा. नवीन पुस्तक आणायचंच असेल तर जुनं आधी म्हणून, नवीन त्याच्या शेपटीला जोडायचं. वेळेचं म्हणाल तर पाच मिनिटं खूप झाली. मधनं उठून गेलं तर मागनं ओरडत वाचू नका, पुस्तक हाताला येईल असं खालच्या फळीवर ठेवा, स्वतःच घेऊन येतंय.

मोबाईलवरची गाणी आणि हे यात फरक एवढाच की मोबाईल थांबत नाही. गाणं पुढं जातं, पोराचा शब्द यायचा असतो तोवर दोन कडवी झालेली असतात. त्यामुळं मोबाईलवर ऐकू दे कधीमधी, पण थांबायचं काम तुमचंच.

७. पुस्तकात आहे पण घरात नाही, अशा माणसाचं काय

नात्यांच्या पुस्तकात हे येणारच, आधीच ठरवून ठेवा. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत जिथं घराघरातला माणूस फौजेत असतो, बाकीही कितीतरी घरात बाप पुण्या-मुंबईला नाहीतर आखातात. अशा वेळी बाबाचं पान त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून मागवा, व्हॉइस नोटवर. त्याला सांगा, शेवटच्या शब्दाआधी थांब, तीन मोज, मग शब्द म्हण. पोरगं फोनला उत्तर देतं, ऐकणाऱ्याला कळत पण नाही की रेकॉर्डिंग आहे. व्हिडिओ कॉलवर वाचायचं असेल तर तिकडं पुस्तकाची दुसरी प्रत द्या, इकडनं कॅमेऱ्यासमोर पुस्तक धरायच्या नादात कुणाचंच चित्र धड दिसत नाही.

माणूस वारलं असेल तर पान चिकटवून टाकू नका. ते पान नेहमीच्याच ठेक्यात म्हणा, आणि पोरानं विचारलं तर जेवढं विचारलंय तेवढंच सांगा, "तुझे आबा आता नाहीत, हा बघ त्यांचा फोटो, त्यांच्याकडं पण अशीच काठी होती." आईबाप वेगळे राहतात अशा घरात पोराला विचारा, या पानावर कुणाचं नाव घालूया. मामा येईल, मावशी येईल, शेजारची काकू येईल. पोरांना त्यात काही वावगं वाटत नाही, मोठ्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

८. आज्जी-आबांना सामील करून घ्या

बऱ्याच घरात दुपारी पोरगं आज्जीजवळ असतं आणि आज्जी म्हणतात मला चष्म्याशिवाय दिसत नाही, किंवा मला वाचता येत नाही. काही अडत नाही. तुम्ही दोनदा त्यांच्यासमोर म्हणा, त्यांच्या पाठ होतं, आपल्यापेक्षा लवकर. नंतर चित्र बघून त्या म्हणतात. ज्यांच्या कानात जात्यावरच्या ओव्या आहेत त्यांना ठेका शिकवायला आपण कोण? त्या ओव्यांत आई, भाऊ, माहेर हेच तर भरलेलं असतं. हस्त नक्षत्रात हादगा बसला की त्यांची गाणी आणखी सुटतात, सासू, सासरा, दीर, जाऊ सगळी त्यात. सासुरवासाच्या ओळी फार आहेत त्यात हे खरं, पण पोरांना तेव्हा फेर धरण्यात आणि खिरापतीत रस असतो, काळजी करू नका.

त्या म्हणतात ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. फोन समोर धरू नका, बाजूला पालथा ठेवा, नाहीतर आवाज एकदम भाषणाचा होतो.

९. घरचं पुस्तक बनवा

आता मजेचा भाग. बाजारात आपल्या आत्याचं पुस्तक मिळत नाही, ते घरीच करावं लागतं आणि खर्च फार नाही.

फोटो मागवा. फॅमिली ग्रुपवर टाका की प्रत्येकानं एक फोटो पाठवा, काहीतरी करतानाचा, पासपोर्ट फोटो नको. मामा ट्रॅक्टरवर, आज्जी भाकरी थापताना, काका बॉलला किक मारताना, मावशी स्कूटीवर. फोटो साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर व्हॉट्सअॅप त्याची साइज दाबतं आणि प्रिंट धुरकट येते. फोटो एका माणसाचाच पाहिजे, लग्नातला वीस जणांचा चालत नाही.

ओळी लिहा. आधी माणसाची एक खासियत पकडा, मग यमक. उलटं केलं की गुळगुळीत होतं, "आत्या माझी छान छान" वगैरे. हे नमुन्याला:

आत्या आली गाडीवरनं,
पेढे आणले वाडीवरनं.

आबांची काठी ठक ठक ठक,
माऊ बघते टकमक टक.

वाडी म्हणजे आपली नृसिंहवाडी, हे बाहेरच्याला कळणार नाही, पण पुस्तक बाहेरच्यासाठी नाहीच. यमक सुचत नसेल तर वस्तूंची यादी करा, चष्मा, काठी, घागर, सायकल, टोपी, तंबाखूची पुडी सोडून सगळं, आणि त्यांना जुळणारे शब्द मोठ्यानं म्हणत राहा. घरातली आठ-दहा वर्षांची पोरं यात आपल्यापेक्षा तयार असतात, त्यांना कामाला लावा.

प्रिंट मॅट काढा, ग्लॉसी चमकते आणि लाइटखाली चेहरा दिसत नाही. कार्डशीटवर वर फोटो, खाली मार्करनं मोठ्या अक्षरात दोन ओळी, आज्जीला चष्म्याशिवाय दिसतील एवढ्या. आठ ते दहा पानं पुरे.

लॅमिनेशन करून घ्या पण त्याचे कोपरे धारदार असतात, बाळाच्या डोळ्याच्या उंचीला तेच येतात. कोपरे गोल कापा, कापताना आतला कागद उघडा पडू देऊ नका, कडेची प्लास्टिकची पट्टी राहिली पाहिजे, नाहीतर लाळ आत शिरते. स्टेपलर पिन तर अजिबात नको, सुटली की तोंडात जाते. स्पायरल बाइंडिंग करताना दुकानदाराला टोकं आत वळवायला सांगा आणि घरी येऊन बोट फिरवून बघा. स्पायरल जरा मोठी घाला, घरात बाळ येतं, लग्न होतं, पान वाढतं.

एक राजकारण सांगून ठेवते. कुणाचं पान आधी यावर घरात बोलणी होतात. आत्या आधी का मावशी आधी, सासरची किती पानं आणि माहेरची किती, सगळं मोजलं जातं. स्पायरल काढून पानं बदलता येतात हे आधीच सांगून टाका, किंवा सरळ पोराला पानं लावू द्या. त्याच्यावर कोण रुसणार?

१०. कॉलनीतली पोरं गोळा करायची असतील तर

सहा ते आठ पोरं, त्यापेक्षा जास्त नको, मागच्यांना चित्र दिसत नाही आणि मग पुढच्यांचे केस ओढणं सुरू होतं. सतरंजीवर अर्धगोल बसवा, पुस्तक खांद्याजवळ धरा, पान त्यांच्याकडं, म्हणून तर पाठ पाहिजे. वेळ संध्याकाळी खेळून झाल्यावरची, जेवायच्या आधी. दोन पुस्तकं, मध्ये टाळ्या वाजवून एक उभं राहायचं गाणं, बास, वीस मिनिटांत सोडा.

शेवटचा शब्द सगळी एकदम ओरडणार, त्यात हळू बोलणारं एखादं मागं राहतं. त्याच्या घरी कुणाला काय म्हणतात ते आधी त्याच्या आईला विचारून ठेवा आणि त्याच्या मामाचं नाव एखाद्या ओळीत घाला, दुसऱ्या दिवशी ते पहिल्या रांगेत बसतं. घरोघरी नाती वेगळी असतात, त्यामुळं "तुझे बाबा कुठायत" असला प्रश्न घोळक्यात नको. पोरांचे फोटो स्टेटसला लावायच्या आधी त्यांच्या आईबापाला विचारा.

पुस्तकं फिरवायची असतील तर एक वही ठेवा, कुणी काय नेलं ते लिहा, आणि पुठ्ठ्याची पुस्तकं परत आली की ओल्या फडक्यानं पुसून घ्या. पातळ पानाची फाटलेली पुस्तकं साध्या सेलोटेपनं चिकटवली तर वर्षभरात पिवळी पडतात, स्टेशनरीत पुस्तकं दुरुस्त करायची पारदर्शक टेप मागा, जरा महाग असते पण टिकते. आणि सतरंजी कुणाची होती ते वहीतच लिहून ठेवा, आमच्याकडं दोन सतरंज्या अजून फिरतायत.